यमुनेच्या दारावरची पाटी

सिनेमाची परीक्षा होणार आणि ती भाऊराव घेणार, हे कानावर आलं आणि वच्छलाबाईंच्या हातातलं वांगं अर्धंच चिरलेलं राहिलं.

"गणपतीच्या मांडवात, परवा दुपारी," विमलबाई दारातूनच सांगत होती. शेजारीण असून तिला उंबरा ओलांडायची कधी गरज पडत नसे. तिचा आवाजच आधी घरात येऊन बसायचा. "एकीकडं बाया, एकीकडं माणसं. भाऊरावाच्या तंबूत जे जे शिनिमे पाह्यले, त्याच्यातले सवाल. अन् जे जितन, भंडाऱ्याले त्याइची पंगत आधी!"

ही गोष्ट लहान नव्हती. रोहिणखेडात पंगत म्हटली की पुरुष आधी, हे ठरलेलं. मग पोरंटोरं, मग पाहुणे, आणि ऊन उतरल्यावर बाया. तोवर वरणात पाणी पडलेलं असायचं आणि बुंदीच्या परातीत नुसता चुरा राहिलेला. सगळा स्वयंपाक ज्यांनी रांधला त्यांनी तो चुरा गोड मानून घ्यायचा, वर 'देवाचा प्रसाद' म्हणून कपाळाला लावायचा.

"तुले यायच लागते, वच्छला. आमच्यात वाचणारी तू एकटी."

"मले काय आठवते आता ते? अन् आत्याबाईची तब्येत बरी नाही."

"मले काय धाड भरली?" आतल्या खोलीतून सत्यभामाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी तर येऊन राह्यली!"

सत्यभामाबाई म्हणजे वच्छलाबाईंच्या नवऱ्याची, शेषरावांची आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा नवरा मुंबईला गिरणीत गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. कपाळाचं कुंकू त्यांनी पुसलं नाही, आणि कोणी पुसा म्हणायची हिंमतही केली नाही. तर आत्याबाई येणार होत्या, म्हणजे वच्छलाबाईंना घरी राहायला निमित्त उरलं नाही. त्यांनी वांगं पाण्यात टाकलं. 

भीती परीक्षेची नव्हतीच. भीती भाऊरावांची होती, आणि एका पाटीची.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं त्या दिवसांत भाऊरावांची टुरिंग टाकीज दर हिवाळ्याला गावात यायची. जुन्या मशिदीपलीकडच्या पडीत तंबू उभा राही. शहरातल्या लोकांनी पाहून विसरून टाकलेले जुने सिनेमे त्यांच्याकडे असत. पट्टी तुटे, जोडली जाई, पुन्हा तुटे. दुसऱ्या तंबूवाल्यांनी बायामाणसं वेगळी बसवायला मधे दोर बांधला, तर भाऊरावांनी पडदाच मधोमध टांगला. यंत्राच्या बाजूला पुरुष आणि पडद्याच्या मागे बायका. पडदा पातळ, त्यावर पाणी मारलेलं, त्यामुळे चित्र आरपार उमटायचं. बायकांना ते दिसायचं, पण उलटं. सिनेमातला राजा डाव्या हातानं तलवार उपसायचा, सासू डाव्या हातानं वाढायची. रोहिणखेडच्या बायकांनी त्याचा फार विचार केला नाही. सिनेमातली माणसं डावखुरीच असतात, असं त्या धरून चालल्या.

त्या सगळ्या सिनेमांत त्यांचा लाडका म्हणजे यमुनेचा सिनेमा. त्याला काही तरी भारदस्त नाव होतं, पण ते कोणाच्या तोंडी नव्हतं. यमुनेचा नवरा परगावी जातो. वर्षं जातात. गाव तिला सांगतं की तो तुला विसरला, त्यानं दुसरी केली, तो मेला. शेवटी ती एकटी चालत निघते, त्या शहरात पोचते, एका घरासमोर थांबते. दारावर पाटी असते. यमुना पाटीकडे पाहते, पायरीवर मटकन बसते आणि हसत-रडत तोंडाला पदर लावते. संपला सिनेमा.

आता ती हसली की रडली, आणि का? पडद्यावर कोणी शब्द बोलत नाही. सगळं त्या पाटीवर लिहिलेलं, आणि बायकांच्या बाजूला ती पाटी उलटी. सुलटी असती तरी वाचणार कोण? विहिरीवर, जात्यावर, कापूस वेचताना त्या पाटीवरून इतकं बोलणं झालं की यमुना गावातलीच कोणी सून वाटावी. नवऱ्यांना विचारून काही हाती लागलं नाही. पाटी दिसली की सिनेमा संपला हे माहीत असल्यानं पुरुष तोवर चपला शोधायला उठलेले असत. शेवटी सत्यभामाबाईंनी निवाडा दिला. "घर बंद होतं. तिथं लिहेल होतं, इथं आता कोणी राहत नाही. म्हणून रडली ते." आत्याबाईंच्या तोंडून आलं, त्यावर बोलणार कोण? बायकांनी यमुनेला दर हिवाळ्याला रडून घेतलं.

वच्छलाबाईंनीही नवऱ्याला विचारलं होतं. "होतं काही तरी," शेषराव तिरसटून म्हणाले. "पाटी ते पाटी. झोप आता." त्या गप्प बसल्या, कारण त्यांना कारण ठाऊक होतं. शेषरावांना अक्षर येत नव्हतं. हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक वच्छलाबाईंना आणि दुसरं जानरावांना.

जानराव म्हणजे शेषरावांचे लहानपणापासूनचे जोडीदार. रोज सकाळी ते ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन यायचे. अर्धं शेषरावांच्या हातात द्यायचे, अर्धं स्वतः मोठ्यानं वाचायचे. शेषराव आपल्या अर्ध्यावर नजर फिरवत, कपाळाला आठ्या घालत, मधेच "हाव, बरोबर लिव्हलं त्यानं," म्हणत. येणाजाणाऱ्याला दोन शिकलेली माणसं बसलेली दिसायची. जानरावांनी हे गुपित कधी थट्टेतसुद्धा फोडलं नाही. मैत्री म्हणतात ती हीच.

पुढे साक्षरतेची मोहीम आली. ग्रामसेविकेनं चावडीत बायकांचा वर्ग भरवला आणि वच्छलाबाई, सगळ्या हसत असताना, जिद्दीनं शिकल्या. अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत त्या वाचू लागल्या. त्याच हिवाळ्यात यमुनेचा सिनेमा परत आला. त्या पडद्यामागे अगदी पुढे जाऊन बसल्या. पाटी आली. आणि उलटी घातलेली चोळी जशी काही केल्या अंगाला नीट बसत नाही, तशी ती अक्षरं त्यांच्या डोळ्यांत बसेनात. शिकून काय उपयोग, असं त्यांच्या मनात आलं, आणि रडूच कोसळलं. शेजारणींना वाटलं, यमुनेसाठी.

दुसऱ्या दिवशी यमुनेचाच खेळ पुन्हा होता आणि शेषराव हरभऱ्याला पाणी द्यायला मळ्यात मुक्कामी गेले, घोंगडी घेऊन. कोट खुंटीवर राहिला. तपकिरी कोट, कोपरावर वच्छलाबाईंनीच लावलेलं निळं ठिगळ. त्यांनी तो कोट घातला. धोतर नेसलं, टोपी घातली, उपरणं नाकापर्यंत गुंडाळलं. आत्याबाई कीर्तनाला गेल्या होत्या. आपण काय करतो आहोत हे वच्छलाबाईंना रस्त्यावर आल्यावर कळलं, तेव्हा परतायला उशीर झाला होता. पाय आपोआप चालत होते.

पुरुषांच्या दाराशी तिकीट फाडायला खुद्द भाऊराव उभे. त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत सोडलं. वच्छलाबाई पुरुषांच्या घोळक्यात, बिडीच्या धुरात बसल्या. पाटी आली. त्या ओठ हलवत वाचू लागल्या आणि नेमकी तेव्हाच बाजूनं हाक आली.

"शेषराव! अबे शेषराव!"

जानराव होते. वच्छलाबाईंनी दचकून पाहिलं, नजरानजर झाली, आणि त्यांनी मान फिरवली. पाटी वाचून होताच त्या उठून बाहेर पडल्या. घर येईपर्यंत त्या पळतच होत्या.

सकाळी जानराव वर्तमानपत्र घेऊन आले ते फुरंगटूनच. "काऊन बे, काल तंबूत ओ देली नाही?"

"मी कुठं होतो तंबूत? मळ्यातून आताच येऊन राह्यलो."

"कोट घालून बसला होता. ठिगळ पाह्यलं मी. माह्याकडं पाहून तोंड फिरवलं तू."

"मी नव्हतो म्हणून सांगून राह्यलो ना!"

"म्हणजे मी खोटारडा?"

दोघांचंही खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच कोणी मागे हटेना. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली, आणि जानराव वर्तमानपत्र तसंच घेऊन परत गेले. दाराआड वच्छलाबाई उभ्या होत्या. तेव्हाच बोलल्या असत्या तर? पण बोलणार काय? बाई पुरुषाचे कपडे घालून पुरुषांत जाऊन बसली, हे गावात फुटलं असतं तर शेषरावांना चावडीवर पाय टाकणं मुश्कील झालं असतं. मानी माणूस. बायकोला माहेरी धाडलं असतं आणि स्वतः जेवण सोडलं असतं. उद्या सांगू म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. तंबूही उठला, मोठ्या गावांत पक्की थेटरं झाली होती.

तेव्हापासून शेषराव ओट्यावर एकटेच बसत. वर्तमानपत्र स्वतः विकत आणत आणि पानं उलटत. वच्छलाबाई निवडण-टिपणाचं निमित्त करून आतल्या अंगाला बसायच्या आणि सरावासाठी म्हणून कालचा अंक मोठ्यानं वाचायच्या. शेषराव ऐकत नसल्यासारखं करून ऐकत. पण मधे "हाव, बरोबर लिव्हलं," असं ते कधी म्हणाले नाहीत. ते जानरावांसाठी होतं. हे पाहून वच्छलाबाईंना रोज सकाळी अपराधी वाटायचं, आणि आता भाऊराव परवा त्यांच्यासमोर उभे राहणार होते.

परीक्षेच्या दुपारी मांडवात मुंगीला वाट नव्हती. गळ्यात रेशमी रुमाल, हातात तंबूच्या दिवसांतला पत्र्याचा भोंगा, असे उत्सवासाठी मुद्दाम बोलावलेले भाऊराव गणपतीशेजारी उभे होते. समोर पाचजण असोत की पाचशे, त्यांचा आवाज तंबूबाहेर जाईल असाच निघायचा. पुरुषांच्या बाजूला एका टोकाला शेषराव, कार्यक्रम म्हणून घामाच्या धारांतही कोट घालून. दुसऱ्या टोकाला जानराव. मधे सगळं गाव. वच्छलाबाई विमलबाईच्या आड, पदर पुढे ओढून बसल्या. भाऊरावांची नजर बायकांवरून फिरली की त्या मान खाली घालत.

पहिले काही सवाल बरे गेले. टांगेवाल्याच्या घोडीचं नाव काय, डाकूनं देवीला काय वाहिलं, सावत्र आईनं बांगड्या कुठं लपवल्या. घोड्यांचं आणि मारामाऱ्यांचं पुरुषांना पाठ, दागिन्यांचं आणि भांडणांचं बायकांना. विमलबाई तर सवाल पुरा व्हायच्या आत ओरडायची.

"यमुनेच्या नवऱ्याच्या गालावर तीळ होता," भाऊरावांनी भोंगा उंचावला. "कोणत्या गालावर?"

"उजव्या!" पुरुष ओरडले.

"डाव्या!" बायका ओरडल्या.

वच्छलाबाईंच्या जिभेवर आलं होतं, दोन्ही. त्यांनी जीभ चावली. गावात तो तीळ दोन्ही बाजूंनी पाहिलेली बाई त्या एकट्याच होत्या, आणि एका शब्दानं ते उघडं पडलं असतं.

"बायाइले डावं-उजवं तरी कळते का?" कोणी तरी म्हणालं, आणि बायकांकडून असा काही गलका उठला की गणपतीची समई विझायची. शेवटी भाऊरावांनी हात वर केला. "दोन्ही बरोबर! बायाइनं मागून पाह्यला. मागून उजवा गाल डावा होते. दोघाइलेही मार्क."

इतक्या वर्षांनी बायकांना कळलं की सिनेमातली माणसं डावखुरी नव्हती. त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. सासू उजव्याच हातानं वाढत होती तर!

दोन्ही बाजू बरोबरीत आल्या आणि भाऊरावांनी घसा साफ केला. "आता अखेरचा सवाल. जो सांगन त्याची पंगत आधी. शिनिमा यमुनेचाच. शेवटी यमुना ज्या दारात थांबते, त्या दारावर पाटी हाये. पाटीवर काय लिहेल हाये?"

वच्छलाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

"हे काही खरं नाही!" विमलबाई उसळली. "आमाले तर उलटं दिसे!"

"म्हणून पहिली बारी माणसाइची."

पुरुषांत कुजबुज झाली. एकानं "घर भाड्यानं देणे आहे" असं ठोकून दिलं. भाऊरावांनी मान हलवली. मग कोणी तरी म्हणालं, "शेषराव, तुमी वाचणारे. तुमी सांगा."

शेषरावांनी जमिनीकडे पाहिलं. "ध्यानात नाही," ते म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या वच्छलाबाईंना इथून दिसल्या.

"मग जानराव, तुमी? तुमी तर एक खेळ सोडला नाही."

जानराव सावकाश बोलले. "पाटी आली तवा मी पडद्याकडं पाहून नव्हतो राह्यलो. मी एका माणसाकडं पाहून राह्यलो होतो. त्याले हाक मारली होती मी."

 दोघांचं भांडण गावाला ठाऊक होतंच. शेषरावांची मान ताठ झाली. वच्छलाबाईंना वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

"बायाइची बारी," भाऊराव म्हणाले.

सगळ्या बायकांचे चेहरे सत्यभामाबाईंकडे वळले. आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "लिहेल होतं, इथं आता कोणी राहत नाही," त्या म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखा खणखणीत नव्हता. "घर बंद होतं. तो तिले इसरला होता, नाही तं मेला होता. दुसरं काय लिहेल राहन? मले नाही का माहीत?"

भाऊरावांनी तोंड उघडलं. आता ते 'चूक' म्हणणार आणि आत्याबाई तशाच उभ्या राहणार, सगळ्या गावासमोर, कपाळावरच्या त्या कुंकवासकट. दोन वर्षं वच्छलाबाई खरं उत्तर पोटात घेऊन या बाईशेजारी जेवल्या होत्या, तिचे पाय चेपले होते, आणि एका शब्दानं तिला सांगितलं नव्हतं. त्यांना ते सहन झालं नाही.

"नाही, आत्याबाई," त्या म्हणाल्या. त्या कधी उठून उभ्या राहिल्या त्यांनाच कळलं नाही. "'यमुनेचं घर.' असं लिहेल होतं. त्यानं घराले तिचं नाव देल्लं होतं."

 मग भाऊरावांचा भोंगा खाली आला.

"बरोबर," ते म्हणाले, आणि बायकांनी टाळ्या पिटायला हात उचलले तेवढ्यात पुढे म्हणाले, "पण बाई, हे मागून वाचता येत नाही. मी खुद्द मागं बसून पाह्यलं हाये. तुमाले कसं माहीत?"

टाळ्या हवेतच राहिल्या. सगळा मांडव वच्छलाबाईंकडे पाहत होता. भाऊराव डोळे बारीक करून, कुठं तरी पाहिलंय, कुठं बरं, अशा नजरेनं त्यांचा चेहरा न्याहाळत होते. विमलबाईसुद्धा वर मान करून बघत होती.  पलीकडे जानराव अर्धवट उठले होते. त्यांची नजर वच्छलाबाईंच्या तोंडावरून शेषरावांच्या कोटाच्या कोपरावर गेली आणि परत आली. संपलं, वच्छलाबाईंना वाटलं. ओळखलं यांनी.

"मी सांगितलं तिले."

शेषराव उभे होते. घामानं कोट पाठीला चिकटला होता.

"मी सांगितलं," ते पुन्हा म्हणाले. "जानराव म्हणते ते खरं हाये. त्या दिवशी तंबूत मीच होतो. पाटी वाचली अन् घरी येऊन हिले सांगितली. मघाशी बोललो नाही, कारण बोललो असतो तं मी तिथं होतो हे कबूल करा लागलं असतं." त्यांनी जानरावांकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "तू हाक मारली अन् मी ओ देली नाही. चुकलं माहं."

हा माणूस आपली चूक मांडवात उभा राहून कबूल करतो आहे, यावर लोकांचा विश्वास बसेना. पण वच्छलाबाईंना त्याहून मोठी धास्ती होती. पाटी वाचली, असं शेषराव म्हणाले होते. गावानं ते मानलं असतं. गावानं त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र धरून बसलेलं पाहिलं होतं. पण समोर जानराव होते. शेषरावांना पाटी वाचता येणं शक्य नाही, हे जाणणारा गावातला एकमेव माणूस, दोन वर्षं खोटा ठरलेला, दुखावलेला. त्यानं नुसतं हसून विचारलं असतं, 'तू वाचली?', तरी नवरा-बायको दोघंही एकाच वेळी उघडे पडले असते.

 जानरावांनी शेषरावांकडे पाहिलं, मग वच्छलाबाईंकडे. बराच वेळ पाहिलं. वच्छलाबाईंनी हात जोडले नाहीत, पण पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली.

"त्यानंच वाचली का, जानराव?" कोणी तरी विचारलं.

"त्याच्याशिवाय कोण वाचन?" जानराव म्हणाले. "मी पाह्यलं ना. पाटी आली तवा ओठ हालून राह्यले होते त्याचे." आणि ते खाली बसले. बसताना उपरण्यानं डोळे पुसले. घाम असेल.

मग टाळ्या झाल्या. बायकांनी मांडव डोक्यावर घेतला. भंडाऱ्याची पहिली पंगत त्यांची होती. विमलबाई बुंदीच्या अख्ख्या कळ्यांबद्दल बोलू लागली होती. त्या गोंधळात सत्यभामाबाईंनी वच्छलाबाईंचा दंड धरला.

"म्हणजे तो तिले इसरला नव्हता?"

"नाही, आत्याबाई."

"नाव देल्लं होतं घराले?"

"हो. मोठ्या अक्षरात."

 आत्याबाई खाली बसल्या, तोंडाला पदर लावला, आणि त्या हसत होत्या की रडत होत्या हे वच्छलाबाईंना कळलं नाही.

घरी जाताना दोघे मित्र पुढे चालत होते आणि बायका मागे.  वळणाशी जानराव थांबले. "सकाळी पेपर घेऊन येतो," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण वच्छलाबाईंना ऐकू जाईल इतकाच, "का आता तूच मले वाचून दाखवतं?"

"ये बे," शेषराव म्हणाले. "डोळे दुखतात माहे."

घरात शिरल्यावर वच्छलाबाईंनी चूल पेटवली नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मांडवात नवऱ्यानं वाचवलं ते घराण्याच्या अब्रूसाठी. आता चार भिंतींत काय ते होईल, असा त्यांचा अंदाज होता. आत्याबाई आत जाऊन पडल्या. शेषरावांनी कोट काढला, झटकला, खुंटीला लावला. कोपरावरच्या निळ्या ठिगळावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. 

"पुढच्या बारीले," शेषराव भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "जानरावानं हाक मारली, तं ओ देजो."